मलमाचा विवेक



आपल्या बेळगावचा पाऊस तुम्हांस सांगावयास नको. मृग लागला म्हणजे हस्त सरेपर्यंत गणवेश नीट वाळत नाही, बुटांतील मोजे ओलसरच राहतात, आणि वर्गात कोणी ना कोणी पट्ट्याखाली हात घालून कंबर खाजवीत असतो. अशाच एका श्रावणात, प्रयोगशाळेच्या तासाला, इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याच्या कंपासपेटीतून कर्कटकाबरोबर एक अर्धी पिळलेली मलमाची नळी बाहेर पडली. मी विचारिले, "हे काय रे?" तो ओशाळून म्हणाला, "सर, कंबरेला नायटा आलाय. थोरल्या भावासाठी दुकानातून आणलं होतं, तेच मी लावतो. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते. सोडलं की पुन्हा येते." "किती दिवस झाले?" "चार महिने, सर."

नळीवरील बारीक अक्षरे मी वाचून पाहिली. त्या एका नळीत तीन औषधे होती : एक अतितीव्र स्टिरॉइड, एक प्रतिजैविक आणि एक बुरशीनाशक. चार महिन्यांपूर्वी रुपयाएवढे असलेले वर्तुळ आता कंबरेभोवती पसरून मांड्यांपर्यंत उतरले होते. मुलगा हुशार, आज्ञाधारक. त्याने औषध नेमाने लाविले होते. मग रोग का वाढला? या एका प्रश्नाचे उत्तर शोधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. कारण ती नळी केवळ त्याच्याच पेटीत नाही. ती आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, फडताळात किंवा आरशामागे, कोठेतरी पडलेली असते.

त्वचा म्हणजे काय?

त्वचा हे केवळ शरीराचे वेष्टन नव्हे. तो एक जिवंत अवयव आहे. तिचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा, कौलांप्रमाणे एकावर एक रचलेला असतो. हा थर बाहेरचे जंतू आत येऊ देत नाही व आतील पाणी बाहेर जाऊ देत नाही. त्याखाली नव्या पेशी घडविणारा थर, आणि त्याहीखाली रक्तवाहिन्या, मज्जातंतू, घामाच्या ग्रंथी व त्वचेला बळकटी देणारे तंतू असतात. शत्रू आत शिरला की रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि जागा लाल, उष्ण, सुजलेली व खाजरी होते. यालाच दाह म्हणतात. दाह त्रासदायक खरा. परंतु बहुधा तो रोग नसून रोगाशी चाललेल्या झुंजीची खूण असतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

स्टिरॉइड : दाह शमविणारे औषध

आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क नावाच्या दोन लहान ग्रंथी आहेत. त्यांतून स्रवणाऱ्या रसांचा अभ्यास अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी व स्वित्झर्लंडमध्ये टाडेयुस राइखस्टाइन यांनी केला. 1948 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी त्यांपैकी एक द्रव्य, ज्याला पुढे कॉर्टिझोन हे नाव मिळाले, सांध्यांच्या दाहाने जखडलेल्या एका तरुण स्त्रीस टोचले. काही दिवसांतच ती चालू लागली. या शोधाबद्दल तिघांनाही 1950 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे 1952 साली सुल्झबर्गर व विटेन या अमेरिकन वैद्यांनी हायड्रोकॉर्टिझोनचे मलम इसबासारख्या त्वचारोगांवर उपयोगी पडते असे दाखवून दिले, आणि त्वचारोगचिकित्सेत नवे युग सुरू झाले.

तेव्हापासून अधिकाधिक तीव्र स्टिरॉइडे निर्माण झाली. हायड्रोकॉर्टिझोन हे सौम्य. मोमेटासोन, बीटामेथासोन ही तीव्र. आणि क्लोबेटासोल हे अतितीव्र. येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. हायड्रोकॉर्टिझोनच्या नळीवर 1 टक्का लिहिलेले असते, तर क्लोबेटासोलच्या नळीवर 0.05 टक्के. गणितात 1 ही संख्या 0.05 च्या वीसपट. म्हणून पहिले मलम अधिक जहाल, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. औषधाची तीव्रता टक्केवारीवर नव्हे, तर त्या द्रव्याच्या जातीवर अवलंबून असते.

स्टिरॉइड दाह शमविते. पण दाहाचे कारण ते नाहीसे करीत नाही. इसब किंवा एखाद्या वस्तूच्या स्पर्शाने उठलेले पुरळ यांत शरीराचा दाह अनाठायी असतो. तेथे तो शमविणे हाच उपचार, व तेथे स्टिरॉइडासारखे वरदान नाही. परंतु जेथे बुरशी किंवा जंतू प्रत्यक्ष हजर आहेत, तेथे दाह शमविणे म्हणजे घरात चोर शिरला असता भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधण्यासारखे आहे. घर शांत होते. मालकाला झोप लागते. आणि चोराला सारी रात्र मोकळी मिळते.

प्रतिजैविक : जंतूंचा शत्रू

दुसरे औषध प्रतिजैविक. 1928 साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला. 1949 साली वाक्समन व लेशव्हॅलिए यांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून निओमायसिन मिळविले. ते आजही अनेक मलमांत आढळते. फ्युसिडिक ॲसिड व म्युपिरोसिन ही त्वचेवरील जंतूंसाठी वापरली जाणारी आणखी दोन द्रव्ये. आपल्या देशातही 1954 साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि पेनिसिलिन येथेच तयार होऊ लागले.

प्रतिजैविकाचे सामर्थ्य मोठे, पण क्षेत्र मर्यादित. ते केवळ जीवाणूंवर चालते. पू धरलेल्या पुळ्या, मधासारख्या पिवळ्या खपल्या धरणारे लहान मुलांच्या तोंडाभोवतीचे फोड, अशा ठिकाणी त्याचा उपयोग होतो. नायटा हा बुरशीमुळे होतो; तेथे ते निरुपयोगी. खरूज त्वचेत बिळे करणाऱ्या एका सूक्ष्म किड्यामुळे होते, तेथेही निरुपयोगी. खरजेला तिचे निराळे औषध असून ते घरातील सर्वांनी एकाच वेळी लावावयाचे असते. घामोळे, कीटकदंश, कोरडेपणाची खाज यांनाही प्रतिजैविकाची गरज नसते.

"गरज नसली तरी लाविल्याने काय बिघडते?" असे कोणी विचारील. दोन गोष्टी बिघडतात. पहिली, काहींच्या त्वचेला त्या औषधाचेच वावडे उत्पन्न होते. निओमायसिनच्या बाबतीत हे वारंवार आढळते. मग मलमानेच पुरळ उठते व त्यावर माणूस तेच मलम अधिक लावतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. त्वचेवर नेहमी वास करणाऱ्या जंतूंपैकी दुबळे मरतात व चिवट उरतात. उरलेल्यांची प्रजा वाढते आणि पुढे त्या औषधाला ते दाद देईनासे होतात. फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणातच हा इशारा दिला होता. हे चिवट जंतू एका घरात थांबत नाहीत. टॉवेलवरून, बाकावरून, इस्पितळाच्या खाटेवरून ते दुसऱ्याकडे जातात, आणि खरोखर गरज असलेल्या एखाद्या अर्भकास तेच औषध लागू पडत नाही.

तीन औषधे एका नळीत

आता आपल्या विद्यार्थ्याच्या नळीकडे वळू. दुकानदाराचा विचार सरळ असतो : बुरशी असेल तर बुरशीनाशक आहे, जंतू असतील तर प्रतिजैविक आहे, खाज असेल तर स्टिरॉइड आहे, तिन्हींपैकी एक तरी लागू पडेलच. तर्क वरवर बिनतोड दिसतो. पण ही तिन्ही औषधे एकमेकांस साहाय्य करीत नाहीत. अतितीव्र स्टिरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दडपते आणि बुरशीला रान मोकळे करून देते. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून रुग्ण मलम सोडतो. बुरशीनाशकाला तर पुरते काम करण्यास काही आठवडे लागतात. ते अर्ध्यातच थांबते. रोग परततो, पुन्हा मलम, पुन्हा दोन दिवस!

याचा आणखी एक दुष्परिणाम असा, की रोगाचे रूपच पालटते. नायट्याची ओळख म्हणजे उंचावलेली, खवलेदार, वर्तुळाकार कड. स्टिरॉइडामुळे ती कड पुसट होते आणि वैद्यालाही रोग सहजी ओळखू येत नाही. 1968 साली आइव्ह व मार्क्स या इंग्लंडमधील वैद्यांनी या वेषांतर केलेल्या नायट्याचे प्रथम वर्णन केले व त्याला 'टिनिया इन्कॉग्निटो', म्हणजे 'अज्ञातवासातील नायटा', असे नाव दिले. अलीकडे तर आपल्या देशात नायट्याची साथच पसरली असून नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला न जुमानणारी एक बुरशी आढळू लागली आहे. 2020 साली तिचे नामकरण झाले, ते 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी'. या नावात आपल्या देशाचे नाव गोवले गेले आहे. गौरवाच्या अनेक गोष्टींना भारताचे नाव लाभले आहे. ही त्यांपैकी नव्हे.

स्थान, प्रमाण आणि काल

समजा, वैद्याने तपासून स्टिरॉइड मलम दिले. तरीही तीन गोष्टी पाळाव्या लागतात.

पहिली स्थान. सर्व अंगाची त्वचा सारखी जाड नसते. 1967 साली फेल्डमन व मेबॅक या शास्त्रज्ञांनी हायड्रोकॉर्टिझोन शरीराच्या निरनिराळ्या भागांतून किती शोषले जाते ते मोजले. हाताच्या पुढल्या भागातून शोषले जाणारे प्रमाण 1 धरिले, तर तळपायातून ते सुमारे एक सप्तमांश, कपाळातून 6 पट, जबड्यावरील त्वचेतून 13 पट आणि पुरुषाच्या गुह्यभागाच्या नाजूक त्वचेतून 42 पट भरले. म्हणून तळव्यासाठी दिलेले मलम चेहऱ्यावर किंवा जांघेत लावणे म्हणजे बैलाचे जू वासराच्या मानेवर ठेवणे होय. काख व जांघ यांत त्वचा त्वचेला चिकटून राहते. तेथे औषध आणखी मुरते आणि पांढरट-तांबडे चिरे उमटतात. ते चिरे पुसट झाले तरी जन्मभर पूर्ण जात नाहीत.

दुसरी गोष्ट प्रमाण. यासाठी एक सोपे माप आहे. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्याच्या रेषेपर्यंत नळीतून मलमाची सरळ रेघ काढावी. हे एक 'बोटाग्र-माप'. त्यात सुमारे अर्धा ग्रॅम मलम असते आणि ते बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेस पुरते. आता एक उदाहरण सोडवा. इसबाचा चट्टा एका तळहाताएवढा आहे. मलम दिवसातून एकदा, असे 14 दिवस लावावयाचे आहे. तर एकंदर किती मलम लागेल? एका वेळी अर्धे माप, म्हणजे पाव ग्रॅम. 14 दिवसांचे साडेतीन ग्रॅम. यावरून कळेल, की असा एक चट्टा असताना 15 ग्रॅमची नळी पंधरा दिवसांत संपत असेल, तर कोठेतरी चूक होत आहे. उलट, सांगितलेली मुदत संपली तरी नळी जवळजवळ भरलेलीच असेल, तर भीतीपोटी मलम कमी लाविले जात आहे. लहान मुलांसाठीही माप प्रौढाच्याच बोटाचे घ्यावयाचे. किती मापे, हे वैद्य सांगतील.

तिसरी गोष्ट काल. स्टिरॉइड ठरावीक दिवसच लावावयाचे असते. दीर्घकाळ लाविल्यास त्वचा कागदासारखी पातळ होते, रक्तवाहिन्या जाळ्यासारख्या दिसू लागतात, रंग उडतो, नको तेथे केस येतात. डोळ्यांभोवती लावीत राहिल्यास काचबिंदू व मोतीबिंदू यांचा धोका संभवतो. अर्भकांच्या अंगावर तीव्र मलम मोठ्या भागावर लाविल्यास ते रक्तात उतरून त्यांच्या अधिवृक्क ग्रंथींचे काम मंदावते. याउलट, बुरशीनाशक मलमाचा काल वर्तुळ दिसेनासे झाले तरी संपत नाही. वैद्याने सांगितलेल्या दिवसापर्यंत ते लावावयाचे आणि कडेच्या बाहेरही बोटभर लावावयाचे.

गोरेपणाचा मोह

विद्यार्थिनींना, आणि हल्ली विद्यार्थ्यांनाही, येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. स्टिरॉइडाने त्वचेचा रंग काही काळ उजळ भासतो व मुरुमांची लाली ओसरते. म्हणून कोणी मैत्रीण, कोणी दुकानदार, कोणी नातलग लग्नसराईच्या तोंडावर अशी नळी हाती देतात. पहिला महिना आरसा प्रसन्न असतो. पुढे मुरुम दाटतात, ऊन सोसवत नाही, आणि एक दिवस मलम न लाविल्यास चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. ती आग थांबविण्यासाठी पुन्हा तेच मलम! भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्टिरॉइडाने बिघडलेला चेहरा असेच नाव दिले आहे. जो अशा फेऱ्यात सापडला असेल त्याने लाजून लपवू नये व आपल्याच मनाने उपचारही बदलू नये. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन सर्व हकीकत सांगावी. आपल्या मातीचा, आपल्या आईबापांचा रंग हा रोग नव्हे. ज्याला रोगच नाही त्याला औषध कशाला?

कायदा काय सांगतो?

1945 च्या औषधविषयक नियमांतील 'एच' परिशिष्टात जी औषधे येतात ती वैद्याच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. 2018 साली केंद्र शासनाने 14 स्टिरॉइड मलमांचा त्यात समावेश केला. नळीवर किंवा खोक्यावर 'आरएक्स' ही खूण व लाल रेघ असते, ती याचसाठी. कायदा कागदावर असतो. तो पाळण्याचे काम दुकानदाराइतकेच गिऱ्हाइकाचेही आहे. "काहीतरी खाजेचं द्या" हे शब्द आपण उच्चारले नाहीत, तर अर्धे काम झाले.

थोडे आचरणात आणण्याचे नियम

1. रोग कोणता ते ठरल्याशिवाय मलम नाही. शेजाऱ्याची, भावाची किंवा मागच्या वर्षीची नळी वापरू नये.

2. खोक्यावरील मोठे व्यापारी नाव न वाचता बारीक अक्षरांतील द्रव्यांची नावे वाचावीत. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, हायड्रोकॉर्टिझोन ही सर्व स्टिरॉइडे होत. वापरण्याची अंतिम तारीखही पाहावी.

3. हात धुवावे, जागा कोरडी करावी, पातळ थर लावावा, पुन्हा हात धुवावे. सांगितल्यावाचून वर पट्टी बांधू नये. पट्टीखाली औषध अधिक मुरते.

4. नायटा असल्यास टॉवेल, कपडे व अंथरूण वेगळे ठेवावे. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. ओला पट्टा व ओले मोजे अंगावर वाळवू नयेत. घरात दुसऱ्यास असेल तर त्याचेही उपचार एकाच वेळी व्हावेत.

5. मलमाचे तेलकट डाग पडलेले कपडे चटकन पेट घेतात. चूल, समई यांपासून दूर राहावे.

6. ताप, झपाट्याने पसरणारी लाली, तीव्र वेदना, डोळ्याजवळील सूज, किंवा तान्ह्या मुलाच्या अंगावरील पुरळ असल्यास मलम शोधीत बसू नये; तत्काळ वैद्य गाठावा.

हे सर्व वाचून कोणी स्टिरॉइडाला विष समजू लागेल तर तोही अन्यायच होईल. इसबाने रात्र रात्र न झोपणारे मूल योग्य मलमाने शांत झोपलेले ज्या मातेने पाहिले आहे, तिला त्याची किंमत विचारावी. वैद्याने दिलेले मलम ऐकीव भीतीने टाकून देणे आणि न दिलेले मलम मनाने लावणे, या दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : जे अंगाला लावावयाचे त्याविषयी आपण विचारीत नाही.

आता त्या विद्यार्थ्याचे काय झाले ते सांगून लेख पुरा करितो. त्याच्या वडिलांसह त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठविले. त्यांनी चट्ट्याच्या कडेवरील थोडा कोंडा काचपट्टीवर खरवडून घेतला, त्यावर आपल्या प्रयोगशाळेतही असणाऱ्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचे थेंब टाकिले आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरिली. त्या अल्काने त्वचेच्या पेशी विरघळल्या व मागे बुरशीचे फांद्या फुटलेले तंतू उरले. डॉक्टरांनी ते मुलालाही दाखविले. चार महिने ज्या शत्रूला तो नकळत पोशीत होता, त्याला त्याने त्या दिवशी प्रथम पाहिले. भावालाही तोच रोग होता. दोघांचे उपचार बरोबरच सुरू झाले. पोटात घ्यावयाच्या गोळ्या, साधे बुरशीनाशक मलम आणि कोरडे कपडे यांवर दोघे दिवाळीनंतर बरे झाले. कंबरेवर पातळ चिऱ्यांच्या तीन-चार रेघा मात्र राहिल्या आहेत.

यंदा तो दहावीत आहे. परवा आठवीतील एक मुलगा खाजवीत असताना त्याला म्हणाला, "दुकानातून काहीतरी आणतो." तेव्हा हा त्याला एवढेच म्हणाला, "काहीतरी आणू नकोस. आधी काय झालंय ते विचार." माझ्या साऱ्या लेखाचे सार त्याने एका वाक्यात सांगितले.